फरशी मोकळी आहे

हो

नमस्कार, नदीकाठच्या मंडळींनो. आज धरणाचे दरवाजे बंद राहतील. फरशी मोकळी आहे. बेटावर गुरं न्यायची असतील तर खुशाल जा. उद्या पुन्हा भेटू.

नाही

नमस्कार, नदीकाठच्या मंडळींनो. आज धरणाचे दरवाजे उघडतील. फरशीवर पाणी येईल. बेटावर जाऊ नका, निघाला असाल तर मागे फिरा. उद्या पुन्हा भेटू.

रोज दुपारी

दोन्ही तीच बोलते. त्याच निळ्या कोटात, त्याच खुर्चीत, आवाजाची पट्टी तसूभरही न हलवता. 'नाही' म्हणतानाही चेहऱ्यावर तेच मंद हसू, कारण साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लोकांना घाबरवायचं नाही. गावोगावी तिला पाणीबाई म्हणतात. तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं नवऱ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि तोही हल्ली 'अहो पाणीबाई, भाजी करपली' असं म्हणायला लागलाय.

सरकारी चॅनेलचं हे खेड्यापाड्यांसाठीचं छोटं केंद्र. दिवसभर मुख्य केंद्राचे कार्यक्रम इथून नुसते पुढे ढकलले जातात. संध्याकाळी थोडा वेळ मात्र हक्काचा आपला: बाजारभाव, गुरांच्या लशी, हरवलं-सापडलं, पडद्याच्या तळाशी सरकणारी सूचनांची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी नदी.

नदीच्या मधोमध बेट आहे. उन्हाळ्यात काठ करपून गेला की चारा उरतो तो तिथेच. उन्हं उतरली की माणसं गुरं घेऊन फरशीवरून, म्हणजे पाण्याला टेकलेल्या बुटक्या पुलावरून, पलीकडे जातात आणि रात्र बेटावरच काढतात. पण खालच्या शहराची तहान वाढली की धरण उघडतं आणि फरशी दिसेनाशी होते. म्हणून फरशीच्या तोंडाशी मावशीची चहाची टपरी, टपरीत उंच फळीवर टीव्ही, आणि टीव्हीसमोर हातात पेले धरून उभे गुराखी. पाणीबाई 'खुशाल जा' म्हणाली की पेले खाली आणि पाय फरशीवर. तिचा सख्खा थोरला भाऊही त्यांच्यातलाच. बारकीचं तोंड बघितल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही.

धरणवाले ठरवतात अगदी आयत्या वेळी. तोवर कॅमेरावाला घरी गेलेला असतो. संध्याकाळच्या पाळीची माणसं कमी करता करता एकच शिल्लक राहिलंय, ते म्हणजे बटणकाका. तेव्हा ही युक्ती. दुपारी कॅमेऱ्यासमोर आधी 'हो' भरायचं, मग 'नाही' भरायचं आणि घरी जायचं. धरणाचा फोन आला की काकांनी बटण दाबायचं. एक नंबर म्हणजे हो. दोन नंबर म्हणजे नाही.

"नवऱ्यासाठीही अशी दोन उत्तरं भरून ठेवत जा," बटणकाका म्हणतात. "मी दाबीन बटण."

घरचे सोडले तर ही गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नाही. टपरीतल्या माणसांना वाटतं, ती आत्ता, या क्षणी, आपल्याशीच बोलतेय.

चष्म्याचं दुकान

"आता सांगा आजी. एक नंबर स्पष्ट की दोन नंबर?"

सासूबाईंच्या नाकावर जड लोखंडी चौकट होती आणि चष्मेवाला तिच्यात भिंगं घालत-काढत होता.

"परत दाखव."

"हे एक. आणि हे... दोन."

"दोन्ही सारखंच दिसतंय रे बाबा."

"नीट बघा ना. एक की दोन?"

"तूच सांग. दुकान तुझं आहे."

भिंतीला टेकून बसलेली पाणीबाई हसली. हसता हसता तिचं तोंड तसंच राहिलं.

एक की दोन.

दुपारी 'हो' भरलं होतं. 'नाही' भरलं होतं. मग कॅमेरावाल्याने कानावरचं काढून सांगितलं, 'हो'च्या शेवटी बाहेरचं कुत्रं भुंकलंय, पुसून नवं घेऊ. पुसलं. नवं घेतलं. आणि पुसल्याबरोबर यंत्राने आपल्या शिस्तीने 'नाही'ला पुढे सरकवून एक नंबर दिला. नवं 'हो' त्याच्या मागे जाऊन बसलं. दोन नंबरवर. तिने ते पाहिलं होतं! काकांना सांगायला हवं, असं मनात म्हणालीही होती. रोज काका येतात तेव्हा ती चहा टाकत असते, तेव्हाच सांगितलं असतं. आज सासूबाईंची इथली वेळ घेतलेली, म्हणून काका यायच्या आत ती निघाली.

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

"आई, मला जायला हवं. आत्ता."

"आणि माझे डोळे?"

"हे आहेत ना. हे बघतील."

"अगं पण हे एक की दोन तेच विचारत बसलेत!"

ती केव्हाच दाराबाहेर होती. केंद्राचा फोन लावला. लागलेला. पुन्हा लावला. लागलेला. लाइन गुंतलेली, म्हणजे धरणवाले काकांशी बोलत होते. काकांचा मोबाइल वाजून वाजून बंद झाला. काम सुरू असताना ते तो बाहेरच्या कपाटात ठेवतात, नाहीतर स्पीकरमध्ये गुणगुण येते. दादाचा फोन नदीपात्रात उतरलं की मुका. टपरीचा फोन नुसताच वाजत राहिला. टीव्हीसमोर गर्दी झाली की मावशी गल्ल्यावर नसते, पेले विसळायला मागे जाते.

तिने स्कूटरला किक मारली.

रस्ता, हो

धरणवाले म्हणाले असतील, आज बंद. काकांनी एक नंबर लावला असेल. टपरीत माणसं ऐकतील, फरशीवर पाणी येईल, जाऊ नका. दोन शिव्या हासडतील आणि गुरं घेऊन घरी जातील. गुरं एक रात्र उपाशी. बस्स. उद्या दादा फोन करून म्हणेल, तुझं धरण कोरडं ठणठणीत आणि आम्ही येड्यासारखे परत. ती म्हणेल, चुकलं दादा. साहेब समज देतील. देऊ देत! शंभरदा देऊ देत.

रस्ता, नाही

धरणवाले म्हणाले असतील, आज

पट्टी : पशुवैद्यकीय शिबिर सोमवारी, शाळेच्या पटांगणात. गुरांना आदल्या रात्री भरपूर पाणी पाजावे.

उघडणार. काकांनी दोन नंबर लावला असेल. आणि दोन नंबरमध्ये बसलेली ती, निळ्या कोटातली, मंद हसत

पट्टी : हरवली आहे. तांबडी गाय, डाव्या शिंगाला कापड. सापडल्यास

सिग्नल

लाल दिव्याला शेजारी टीव्ही-फ्रिजचं मोठं दुकान होतं. काचेमागे भिंतभर पडदे, लहान, मोठे, सगळ्यांवर एकच चॅनेल. दुकानदाराला काय लावावं हे सुचत नसलं की तो सरकारी लावून ठेवतो.

सगळ्या पडद्यांवर ती होती.

आवाज बंद. तिने स्कूटर तशीच फुटपाथला आडवी टाकली आणि काचेला नाक लावलं. निळा कोट. मंद हसू. नमस्कार, मंडळींनो, एवढं ओठांवरून कळलं. पुढचं काय? 'हो' की 'नाही'? इतकी वर्षं ती हे बोलत आली, आणि आता आपलंच तोंड वाचता येईना. दोन्ही एकाच चेहऱ्याने बोलायची सवय तिने किती अभिमानाने लावून घेतली होती! जरा तरी कपाळाला आठी घालायची होतीस, बये. जरा तरी.

पडद्यावरच्या तिने ओठांचा चंबू केला.

खुशाल.

'नाही'मध्ये या जागी 'मागे फिरा' येतं, तिथे ओठ आधी मिटतात. खुशाल जा, असंच म्हणाली ती. भिंतभर, लहान, मोठी, सगळीकडून.

मागून हॉर्नचा गलका झाला. एकाने ओरडून विचारलं, "बाई, टीव्ही घ्यायचाय की मरायचंय?"

म्हणजे काकांनी दोन नंबर दाबला; अदलाबदल त्यांच्या लक्षात आली असेल, एवढीच आशा उरली होती. धरणवाले काय म्हणाले?

केंद्र

"काका! धरणाचं काय आलं?"

बटणकाका कानावरचं काढून वळले. समोरच्या पडद्यावर मुख्य केंद्राची प्रश्नमंजुषा सुरू झाली होती. कोणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं आणि टाळ्या पडत होत्या.

"तू? आता इथे?"

"धरणाचं, काका!"

"उघडताहेत. सगळे दरवाजे. शहरात पाण्यासाठी मारामाऱ्या झाल्या म्हणे. दोन नंबर लावला ना मी, पडद्यावर बघितला." बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला. आवाज बंद करून नुसतं चित्र बघायची त्यांची सवय. एका कानाला मुख्य केंद्राची उलटी मोजणी असते, दुसऱ्या कानाला धरण. "का गं? दोनच ना?"

तिने सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं.

 काकांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"मी दाबलं," ते म्हणाले. "पोरी, मी दाबलं."

"तुम्ही बरोबरच दाबलंत. पाणी फरशीवर कधी पोचेल?"

"दिवेलागणीला."

खिडकीबाहेर ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर उरलं होतं. टपरीचा फोन अजूनही कोणी उचलत नव्हतं, म्हणून तिने वहिनीला लावला. वहिनीच्या मागे घरात तीच प्रश्नमंजुषा वाजत होती.

"वहिनी, दादा कुठाय?"

"गेले की बेटावर. तुझं ऐकूनच उतरले असणार. का?"

"वहिनी, आत्ताच्या आत्ता नदीवर, तुला धावत—"

"अगं, धावत जायला मी काय शाळेत आहे? झालं काय ते तरी सांग!"

"फरशीवर पाणी येतंय."

"पण तू तर आत्ता म्हणालीस..." वहिनी थांबली. फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि मग वहिनीची आरोळी ऐकू आली, शेजारणीच्या नावाने, जिवाच्या आकांताने.

"पट्टी सोडतो," काका म्हणाले. त्यांची बोटं कळफलकावर चुकत होती.

पट्टी : महत्त्वाची सूचना. धरणाचे दरवाजे उघडत अस

"काका, पट्टी वाचणार कोण? टपरीत फळीवर छपराला टेकलेला टीव्ही आहे, आणि ते टपरीत आहेतच कुठे आता? मला बसवा. समोर बसवा, थेट."

"आपली वेळ संपली. मुख्य केंद्राचं चित्र कापायचं तर साहेबांची परवानगी लागते."

"मग विचारा."

"मीटिंगला गेलेत. फोन बंद." काका घाम पुसत होते. "उद्या मला विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून कापलंस."

"सांगा, पाणीबाईच्या."

"तुला कोण विचारतंय? तू कंत्राटी!" असं म्हणता म्हणता ते उठलेही होते. स्टुडिओतले दिवे एकेक करून लागले. कॅमेरा दुपारी होता तसाच खुर्चीकडे तोंड करून उभा होता. ती खुर्चीत जाऊन पडली. केस विस्कटलेले, अंगात घरचा चुरगळलेला सदरा. काचेपलीकडे काकांनी क्षणभर डोळे मिटले आणि बोट दाबलं.

प्रश्नमंजुषेतला माणूस तोंड उघडून अर्ध्यात नाहीसा झाला.

थेट

नमस्कार, न

नाही. ऐका. मघाशी मी बोलले ते चूक होतं. धरण उघडलंय. पाणी निघालंय. फरशी मोकळी नाही. बेटावर गेलेली माणसं परत बोलवा. त्यांना मी दिसत नाहीये, तिथे टीव्ही नाही, फोन लागत नाही. तुम्ही बघताय ना मला? तुमच्या घरात? मग उठा! बघत बसू नका मला! नदीवर पळा. ट्रॅक्टर असेल तर काठावर नेऊन दिवे लावा, हॉर्न वाजवा. डबे बडवा, पत्रे बडवा, हाका मारा. लहान पोरांना नेऊ नका. पाण्यात कोणी उतरू नका, काठावरूनच. दोन्ही तीरांवरून. ऐकू आलं का? मी आत्ता बोलतेय. हे आत्ताचं आहे.

तिने ते पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. रोज चार ओळींत मावणारी नदी आज तिच्या तोंडात मावत नव्हती, शब्द एकमेकांवर आपटत होते, आवाज फाटत होता. मधेच तिला वाटलं, आपण उगाच बोलतोय. लोकांनी ऐकलं असेल तर घरं रिकामी झाली असतील. आणि घरं रिकामी नसतील, तर ऐकलंच नाही कोणी. दोन्हीकडून सारखंच. कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगात तिचं स्वतःचं इवलंसं डोकं हलत होतं, बाकी काही नव्हतं.

नेहमी कार्यक्रम संपला की केंद्राचा फोन खणखणतो. आवाज येत नाही, चित्र हलतं, आमच्या गायीचं नाव चुकीचं वाचलंत. आज तो गप्प होता. काचेपलीकडे काका त्याच्याकडे टक लावून बसले होते, जसं काही बघूनच वाजवणार होते.

आणि तो वाजला.

काकांनी उचलला, ऐकलं, आणि वायर ओढत स्टुडिओच्या दारातून आत आले. कॅमेऱ्यासमोर यायचं नाही हा आयुष्यभराचा नियम मोडून त्यांनी वाकून रिसीव्हर तिच्या हातात दिला. पडद्यावर त्यांचं टक्कल सगळ्या नदीकाठाने पाहिलं.

"टपरीतून," ते म्हणाले. "तुझा दादा."

"दादा! तू वर आहेस? बाहेर आहेस?"

"टपरीत आहे. फरशी अर्धी ओलांडली होती, तर काठावर कोणी तरी डबे बडवायला लागलं. बघायला म्हणून परत आलो." त्याच्यामागे गलका होता, ट्रॅक्टरचे हॉर्न, माणसं एकमेकांवर ओरडत होती. "बारके, हे काय चाललंय?"

"दादा, पाणी येतंय. बाकीचे कुठायत?"

"निम्मे पलीकडे पोचलेत. हाका ऐकून बेटाच्या टोकाशी येऊन उभे राहिलेत, पण निघेनात. तिकडून ओरडून विचारताहेत, बाई नक्की काय म्हणाली? इथे टपरीत तर हाणामारीची पाळी आलीय. हे म्हणतात, पाणीबाई शांत बोलते. कोटात असते. मघाची तीच खरी. ही कोण चुरगळलेली किंचाळतेय? कोणी म्हणतं जुनं काहीतरी लागलंय, मागच्या पुराचं. गुरं परत फिरवायला तयार नाही कोणी."

"मीच आहे, दादा! आवाज ओळखत नाहीस का?"

"मी ओळखतो गं." तो म्हणाला. "पण तू दोन्ही भरून ठेवतेस ना? घरी सांगितलंस मला तू. मघाशी खुशाल जा म्हणालीस, तीही तूच होतीस. तिचाही आवाज मी ओळखला. आणि चाललो होतो."

 भावाशी बोलताना एवढी वर्षं तिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

"ती भरलेली होती," ती म्हणाली. "ही मी आहे. आत्ताची."

"कशावरून?" मागून एक जाड आवाज आला. दादाने फोन सगळ्यांसमोर धरला असावा. "विचार तिला, कशावरून!"

"ऐकलंस? काय सांगू यांना?" दादाचा आवाज खाली आला. "बारके, तुला वर फळीवर बघतोय मी. सगळे बघताहेत. एक कर. हात वर कर."

"काय?"

"हात वर कर तुझा. आत्ता, मी म्हणतोय म्हणून."

तिने डावा हात वर केला. उजव्यात रिसीव्हर होता. तो तिने आणखी उंच नेला, खांद्यातून ताणून.

फोनमधला गलका एकदम थांबला.

"दुसरा," दादा म्हणाला.

तिने रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि दुसरा हातही वर केला. दिव्यांचा झोत डोळ्यांत येत होता. कोणीतरी, बहुधा मावशी, हळूच म्हणालं, अगं बाई, खरीच की. मग पेला फुटल्याचा आवाज. मग पावलांचा, खूप पावलांचा, आणि त्यावर दादाचा ओरडा, पण तो आता तिच्याशी नव्हता. फिरा मागे! आणा रे सगळ्यांना! गुरं राहिली तर राहू देत, माणसं आणा! हाका लांब लांब जात राहिल्या, नदीकडे उतरत गेल्या.

"दादा?"

रिसीव्हर तिकडे कुठेतरी लोंबकळत असावा. तो टपरीच्या फळीवर आपटत होता, टक, टक.

"दादा, खाली करू का?"

काचेपलीकडे काका उभे होते. मुख्य केंद्राचा लाल दिवा त्यांच्या मागे उघडझाप करत होता. चित्र का कापलं म्हणून तिकडून कोणीतरी विचारत होतं. काकांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी तिला हातानेच खुणावलं, राहू दे.

तिने हात खाली केले नाहीत. खांदे भरून आले. फोनमध्ये आता माणसांचा आवाज उरला नव्हता. हॉर्न होते, आणि हॉर्नच्या खाली एक दुसरा आवाज, आधी अगदी बारीक, मग तसा नाही, जो ट्रॅक्टरचा नव्हता.

ती कान देऊन ऐकत राहिली, दोन्ही हात वर धरून.